कप्तानाचा सातवा तुंबा

दोन्या, म्हणजे बाईसाहेब, सिनफोरोसा माझी शेजारीण. मधे काटेरी कुंपण आणि त्याला मी स्वतःच्या सोयीसाठी पाडलेलं भगदाड. तिच्या चुलीवर पाणी तापलं की मला इकडे वास येतो, असं गाव म्हणतं. पाण्याला वास नसतो, हे मलाही कळतं.

नवरा नावाडी होता, नदीनंच नेला. मागे राहिलं दोन खोल्यांचं मातीचं घर आणि एक भट्टी. कसाव्याच्या पिठाचे पाव भाजून बाई धक्क्यावर विकायची. आमच्या असुन्सियोनात नाणं कुणी पाहिलंय? जेझुइट पाद्र्यांच्या वस्त्यांतून येर्बा, म्हणजे कढत पाण्यात भिजवून प्यायची पत्ती, घेऊन होड्या यायच्या, त्यांचे ग्वारानी जमातीचे नावाडी पाव खायचे आणि बदल्यात ओंजळभर पत्ती द्यायचे. देठ नाही, काडी नाही, अगदी चाळलेली. आम्हा गावकऱ्यांच्या येर्बात निम्म्या काड्या; ती प्यायच्या भोपळ्याच्या तुंब्यातली नळी तोंडाला लावली की झाडू चोखल्यासारखं वाटतं.

गावाचं पाद्र्यांशी भांडण त्यावरूनच. खाली सान्ता फेच्या बाजारात पाद्र्यांचा माल हातोहात जाई, आमचा पडून राही. शिवाय आमच्या रानात राबायला ग्वारानी मिळत नसत, ते पाद्र्यांच्या पंखाखाली. शेवटी नगरसभेनं पाद्र्यांना शहराबाहेर काढलं आणि दवंडी पिटली: ज्याच्याकडे पाद्र्यांचा माल सापडेल त्याचं घर जप्त, माणूस नदीपार.

सिनफोरोसाच्या चुलीमागे पाद्र्यांच्या पत्तीचं गाडगं भरलेलं होतं.

"नदीत ओत ते," मी म्हटलं.

"ओतते. उद्यापासून तू काड्या चोख."

मी रिकामा तुंबा पुढे केला. तत्त्वाला मुरड घालावी लागते कधी कधी.

पाद्र्यांवर तिचा जीव होता असं नाही. प्रवचनात ती घोरायची. जीव पत्तीवर.

आठच दिवसांत कुणीतरी चुगली केली. (मी नव्हे. मी तिथेच पीत होतो, स्वतःच्या तुंब्यावर कोण पाय देईल?) सकाळी कप्तान लेओकादियो आणि कारकून एलेउतेरिओ दारात उभे.

"दोन्या, झडती आहे."

"आहे तर आहे. आधी बसा."

दारी आलेल्याला तुंबा दिल्याशिवाय आमच्याकडे बोलणं सुरू होत नाही, आणि नाकारणारा सात पिढ्यांचा वैरी. कप्तान बसला. सवयीचा हात वाईट: दर्शनी ठेवलेलं काड्यांचं गाडगं सोडून बाईचा हात मागच्या गाडग्यात गेला. रिवाजाप्रमाणे पहिला तुंबा तिनंच ओढला, आणि तिचा चेहरा उतरला. आता पत्ती फेकावी तर संशय, न फेकावी तर घर जातं. तिनं पाणी ओतलं आणि तुंबा कप्तानाच्या हाती दिला.

कप्तानानं एक घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला. मग तळापर्यंत ओढला.

कारकुनाची पाळी आली. घोट घेताच तो उसळला, "कप्तानसाहेब, ही तर पा..."

"पा काय?"

"पा... पाणी फार कढत आहे."

"पाद्र्यांच्या येर्बाची चव तुला ठाऊक आहे का रे?"

"छे! आईशपथ, जन्मात चाखली नाही."

"मीही नाही." कप्तान माझ्याकडे वळला. "तुम्ही?"

"मी तर नावही आत्ताच ऐकतोय."

"मग ही आपल्या गावचीच. दोन्या, ओता."

अळीमिळी गुपचिळी. ओळखायचं तर आधी प्यायल्याचं कबूल करायला हवं. सिनफोरोसा ओतत राहिली. "पुरे" म्हणायचं तेव्हाच आमच्यात तुंबा परत देताना आभार मानतात. कप्तानानं आभार मानले ते सातव्याला. मग चुलीकडे न बघता माझ्याच कोंबड्यांची खुराडी उचकटली आणि कारकुनाला लिहायला सांगितलं: 'गावठी, काड्यांची येर्बा सापडली. हलक्या प्रतीची.'

घर राहिलं. त्या दिवशी बाईनं पावाची भट्टी पेटवली नाही, दुपारपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली. संध्याकाळी तिनं मूठभर काड्या आणून मागच्या गाडग्यावर पसरल्या.

"ह्या कशाला?" मी विचारलं.

"पुढची झडती वरवरच बघेल."

पुढची झडती आलीच नाही. आली ती कप्तानाची स्वयंपाकीण, रिकामं मडकं घेऊन: "बाईसाहेबांनी ती हलक्या प्रतीची थोडी मागितली आहे." दर शनिवारी येते. गाडगं खाली खाली चाललंय आणि माझ्या तुंब्यात हल्ली काड्या लागतात.