योमोगीत मिसळलेलं पान

आमच्या इबुकी डोंगराच्या पायथ्याशी तोकुयो मिझुनो राहते. दवण्याच्या जातीच्या, उग्र वासाच्या योमोगीचा पाला वाळवायचा, कुटायचा, चाळायचा आणि कापसासारखी मऊ लव काढायची, हा तिचा धंदा. त्या लवेचे पुंजके जाळून घेतलेल्या शेकावर अर्ध्या गावाचे गुडघे चालतात. सून मादोका शहरातल्या कारखान्यात त्याच पाल्याचा अर्क मलमात घालते. "आई, तुमचा धूर आणि माझी डबी," असं सासूला चिडवते.

देवळाच्या वसंतोत्सवाला तोकुयोने कोवळी योमोगी घालून हिरवे मोची, म्हणजे चिकट तांदळाचे लाडू, पाठवले. उरलेला पाला पसरताना एक पान तिच्या बोटांना गुळगुळीत लागलं. योमोगी पाठीमागून पांढरी, लवदार असते. हे दोन्हीकडून हिरवं होतं. तिने ते चुरगळून नाकाशी धरलं. हिवाळ्यातल्या तापापासून तिला वासच येत नव्हता, आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"मादोका, हुंग गं."

"वासच नाही याला. आई, हा बचनाग आहे!"

"एखादंच आलं असेल चुकून."

"आणि मोचीत गेलं असेल तर?"

देवळात फोन कुणी उचलेना. दोघी गाडी काढून निघाल्या.

देवळात मी उत्सवाच्या ताटल्या मांडत होतो, तेवढ्यात तोकुयो अनवाणीच आत शिरली. "खाऊ नका! माझ्या हातून विष गेलंय!"

ढोल थांबले. चटया विणणारा किन्झो हसला. "उशीर केलात बाई. मी दोन हाणले, झकास झालेत." मग त्याने ओठ चोळले. "फक्त इथे मुंग्या आल्यात."

पुढे हसला नाही. दवाखान्यात नेताना गाडीतच त्याला उलट्या सुरू झाल्या. मादोकाने ते पान डॉक्टरांच्या हातात दिलं, तेव्हा किन्झोचं काळीज ठेचकाळत चालत होतं.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर तोकुयो आणि किन्झोची बायको सावाए शेजारी बसल्या होत्या. तोकुयोने तिला वासाचं सगळं सांगून टाकलं.

"वास येत नव्हता तर बोलायचं नाही का गं?" शेवटी सावाए म्हणाली.

"पाला कुणी घेतला नसता माझा."

"आणि आता घेतील?"

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. ठोके सरळ झाले होते. सावाए तोंडावर पदर घेतल्यासारखा रुमाल दाबून रडली. तोकुयो मात्र उठेचना, मादोकाने तिला धरून उभं केलं.

काहींनी तिची लव घेणं सोडलं, ते अजून सोडलेलंच आहे. पाला खुडायला आता सावाए बरोबर जाते, प्रत्येक जुडी हुंगते आणि तोकुयोला वाटेल ते बोलते. तोकुयो ऐकून घेते.