मामांची कणिक

आमच्या मामांइतका उंचीचं वेड लागलेला माणूस अख्ख्या नागपुरात नसेल, आणि उंचीच्या बाबतीत नागपूरइतकं गरीब गावही दुसरं नसेल. सेमिनरी हिल्सला मामा टेकडी म्हणत नाहीत, गैरसमज म्हणतात. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये कूलरसमोर बनियनवर बसतो, आणि लडाखच्या लोकांना विरळ हवेत दम का लागत नाही हे सांगताना भाजीवाल्यालाही सोडत नाही. "पेशीपेशीत इंजिनं असतात गा! तंतुकणिका म्हणतेत त्याले. पहाडातल्या लोकायची इंजिनं पिढ्यान्‌पिढ्या थोड्या हवेत भागवाले शिकली. अन् हे इंजिन फक्त आईकडून येते. बापाकडून काय येते? आडनाव!" भाजीवाला बिचारा घाबरून कोथिंबीर फुकट देतो.

नवा माणूस भेटला की लोक आडनाव विचारतात, मामा विचारतात, "तुमच्या आईची आई कुठली?" माझ्या मोठ्या भावासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा तर कहरच झाला. पोह्यांच्या बशा समोर आल्या न आल्या तोच मामांनी मुलीच्या आईला थेट विचारलं, "तुमच्याकडची तंतुकणिका कुठली जी?" मी डोळेच मिटून घेतले. पण त्या माउलीच्या कानात शब्दाचं शेपूट तेवढं शिरलं. ती हरखून म्हणाली, "आमच्याकडे सिहोरची असते जी! शरबती गव्हाची!" साखरपुड्याला मिठाईच्या ताटांसोबत पोतंभर कणिक आली. मामी कितीतरी दिवस पोळ्या लाटत होती आणि प्रत्येक पोळीगणिक मामांचा उद्धार करत होती. तेव्हापासून आमच्या घरात तंतुकणिकेचं नाव कणिक पडलं. पुढे मामाही तेच म्हणू लागले.

आयुष्यात एकदा लडाखला जायचं, हे मामांचं एकच स्वप्न. त्याचा सराव इमारतीच्या जिन्यात चाले. लिफ्ट असून हे पायी चढणार, आणि हवेची सवय व्हावी म्हणून प्रत्येक मजल्यावर थर्मास घेऊन मुक्काम करणार. मधल्या मजल्यावरच्या काकू त्यांना पायरीवरच तर्री-पोहे आणून देत, त्यामुळे गिर्यारोहक घरी पोचेपर्यंत वजनानं वाढलेला असे. मामी वरून ओरडायची, "काय करून राहिले तुम्ही तिथं?"

"विरळ हवेची सवय करून राहिलो!"

"इथं कायची विरळ हवा? खालच्या घरी सावजी मटण शिजून राहिलं!"

अखेर मागच्या वर्षी मामांचं आणि माझं तिकीट निघालं. मामांनी नागपूरच्या उन्हात नवी कानटोपी घालून पाहिली. निघण्याआधी रामदासपेठेतल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले, आणि परत आले ते लिफ्टनं. तेव्हाच मला कळलं. मग मीही जात नाही म्हटल्यावर ते एकदम भडकले.

"काहून वं? तुझी-माझी कणिक एकच हाय, माझ्या आईची! माझ्या पोरायकडे ती नाही, तुझ्याकडे हाय. जाय तू!"

त्यांची आई, म्हणजे माझी आजी, हातमागावर विणायची. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसण्यात तिचा जन्म गेला. पहाड तिनं कधी पाहिलाच नाही.

मी एकटीच गेले. लडाखच्या एका उंच खिंडीत उभी राहून मामांना फोन लावला. "मामा, लय दम लागून राहिला."

पलीकडे मामांनी खटकन कूलर बंद केला. "बस खाली. पाणी पी," मामा म्हणाले. मग अगदी हळू, "माझी आई गेली ना वं, तवा सारे म्हणत, आई वर गेली. मले पटतच नव्हतं. जी कधी खड्ड्यातून निघाली नाही, ती वर कुठून जाईन? आज गेली पोरी. आज खरोखर वर गेली."

मी तिथंच दगडावर बसले. मला खूप रडायचं होतं, पण हवा एवढी कमी होती की धड रडताही येईना.