दोन जिल्ह्यांतली दुनळी

पोलीस ठाण्यात आल्यावर पटेल आधी राम राम करत नसत. खांद्यावरची खाकी पिशवी माझ्या टेबलावर ठेवत, तिच्यातून दुनळी बंदुकीच्या नळ्या काढत आणि खिडकीकडे धरून म्हणत, "पाहून घ्या रायटरसाब, उजेड दिसून राह्यला."

नळ्या रिकाम्या आहेत याची मी खात्री केल्याशिवाय ते खुर्चीला हात लावत नसत. मी वाकून पाहायचो. आभाळाचे दोन गोल तुकडे दिसायचे, मोह फुलायच्या दिवसांत त्यांत आवारातल्या झाडाची फांदी हलायची. खरं सांगतो, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ मी पाहत बसे.

मी त्या ठाण्यात लिखापढी करत होतो. हत्यारांचे परवाने आणि मालखान्याची किल्ली माझ्याकडे. ते नेरडीगोंड्याच्या खालच्या अंगाच्या एका खेड्यातले, कापूस-ज्वारीवाले. गाव त्यांना पटेल म्हणे, म्हणून मीही. त्यांच्या घरी तीन बंदुका होत्या: आजोबांची ठासणीची, वडिलांची एकनळी आणि त्यांची स्वतःची दुनळी. पहिल्या दोन केव्हाच मुक्या झाल्या होत्या. आजोबांचा परवाना उर्दूत होता. निजामाचं राज्य गेलं आणि हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला, तेव्हा आजोबा कोणी मागायच्या आत ती बंदूक पागोट्यात गुंडाळून कचेरीपर्यंत चालत गेले होते म्हणे. ती परत मिळाली, तेव्हा ते पागोटं त्यांनी पुन्हा डोक्याला बांधलं नाही, तिलाच देऊन टाकलं. पटेलांची इच्छा एकच होती. आपण आहोत तोवर या तिघींनी एका पेटीत राहावं.

पेटी शिसवीची, कुलूप जाड. काडतुसं मात्र दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. "एवढं काऊन?" मी एकदा विचारलं.

"कायद्यात लिवलं हाय. नवरा-बायकोचं भांडण झाल्यावानी ठेवाचं. बोलनं नाई, पाहनं नाई."

मग जिल्ह्याचे तुकडे झाले. आमचं ठाणं आणि पटेलांचं घर नव्या जिल्ह्यात आलं. शेत नाल्यापलीकडे होतं, ते जुन्यातच राहिलं. त्यांच्या परवान्यावर हद्द एकाच जिल्ह्याची. मी दरखास्त लिहून दिली, ते चार चकरा मारून आले आणि दोन्ही जिल्ह्यांची परवानगी मिळाली. खाली एक ओळ होती: जिल्ह्याची हद्द ओलांडताना हत्यार रिकामं, सुटं करून, पिशवीत बांधलेलं असावं. तुम्ही-आम्ही ती ओळ वाचून कागद घडी करून ठेवला असता. पटेल ती ओळ जगू लागले.

एका सकाळी पंचनाम्याहून परतताना मी त्यांना नाल्यावर पाहिलं. थंडीचे दिवस, पाण्यावरून धुकं चाललेलं, पलीकडे ज्वारी फक्त कणसांपुरती वर आलेली. रानडुकरं आत शिरल्याचा आवाज येत होता. डुकरांना मारायचं नसे, हवेत बार काढून हाकलायचं एवढंच. पटेल अलीकडच्या काठावर बसले, दुनळी सुटी केली, पिशवीत घातली, बंद बांधले. धोतर खोचून पाणी ओलांडलं. पलीकडे बसून पुन्हा बंद सोडले, नळ्या जोडल्या, आभाळाकडे धरून पाहिल्या. तोवर डुकरं पोट भरून बांधावरून रांगेनं निघून गेली होती. पटेल त्यांच्याकडे पाहत राहिले. मलाही ठाण्यात परतायची घाई आठवेना.

एकदा नाला ओलांडल्यावर त्यांना कळलं की सदऱ्याच्या खिशात दोन काडतुसं राहून गेली आहेत. काडतुसांचा डबा वेगळा असायला हवा होता. ते तडक ठाण्यात आले. "माह्यावर गुन्हा दाखल करा."

आमचे साहेब तेलुगू. त्यांनी मला विचारलं, "एमंटुंडु?" म्हणजे, काय म्हणतोय हा? मी त्यांना तेलुगूत समजावून सांगितलं. साहेब पोट धरून हसले आणि चहा मागवला. पटेलांनी कपाला हात लावला नाही. "आरोपीले चहा काऊन?" शेवटी मी एका कोऱ्या कागदावर ताकीद लिहून त्यांची सही घेतली, तेव्हा कुठे ते निवले आणि थंड झालेला चहा प्याले.

त्यानंतर नवा नियम आला. एका माणसाला दोनच हत्यारं, वारशाचीही धरून. तिसरं जमा करायचं. ही गोष्ट त्यांना सांगायचं माझ्यावर आलं आणि मी ते आठ दिवस टाळलं. मुदत भरपूर होती, कित्येकांनी ती संपेपर्यंत कागद उघडलाही नाही. पटेल मात्र मी सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी आले. पिशवीत दुनळी होती.

मी चिडलो. "पटेल, ही एकच तर वाजते. त्या दोघींचं लोखंड झालंय. डुकरं काय ठासणीला भिणार?"

"हे माही हाय," ते म्हणाले. "माही मी देऊ शकतो. त्या दोघी माह्या कुठं हायेत? त्या बुढ्यायच्या हायेत."

मी पावती लिहिली. सही करताना त्यांचा हात एकदा पिशवीवर गेला आणि तिथंच थोडा वेळ राहिला. 

पुढच्या हंगामात ते तेलाचा रिकामा डबा घेऊन शेतात जात. मला बाजारात भेटले, तर हसून म्हणाले, "याले परवाना लागत नाई. नाल्यातूनबी वाजवत जाता येते."

ते गेले ते कापूस वेचणीच्या दिवसांत, शेतातल्या खाटेवर, दुपारी. तेराव्यानंतर त्यांची सून उरलेल्या दोन बंदुका घेऊन ठाण्यात आली. तिनं त्या बरोबर बांधल्या होत्या. ठासणीची त्या जुन्या पागोट्याच्या कापडात होती. "मामंजी सांगून गेले, वारसाच्या नावानं काही करू नोका, जमा करा," एवढंच ती म्हणाली. पावती घेऊन गेली.

मालखान्यात दुनळी अजून होती, तोडायचा हुकूम यायचा होता. सरकारजमा हत्यारं एका भिंतीला आणि वारसांनी ठेवलेली दुसऱ्या भिंतीला, असा आमचा नियम. सरमिसळ झाली तर तपासणीत रायटरची खैर नसते. मी दोन्ही बंदुका घेऊन आत गेलो आणि बराच वेळ दोन भिंतींच्या मध्ये उभा राहिलो. मग दुनळी उचलून त्या दोघींच्या शेजारी ठेवली, तिघींना मिळून एकच दोरी बांधली आणि बाहेर येऊन कुलूप लावलं.