बडनेऱ्याहून एकटीने

बायांनो, आज मी पहिल्यांदा आगगाडीत बसले, तेही एकटी.

कापसाला भाव आला म्हणून नवऱ्याने अकोला दाखवायचं कबूल केलं होतं. वाटखर्चाला मी भाजीची टोपली घेतली होती. पण बडनेऱ्याला गाडी येताच माझं तिकीट त्याने मित्राला दिलं.

"तू भाजी वीक अन् घरी जाय. माय उपाशी हाय," म्हणत तो हसला. डबाभर लोक हसले.

त्यांची गाडी गेल्यावर मी टोपलीसकट भाजी विकली आणि बहिणीकडे जायला धामणगावचं तिकीट काढलं. पळणारी रानं पाहून मी मोठ्याने हसले.

मधल्या ठेसनावर आंधळी सासू आठवली. तिने मला कधी दुखवलं नव्हतं. घरी ती एकटी उपाशी होती आणि नवरा उद्याशिवाय परतणार नव्हता. तरी मी उतरले नाही.

तुमच्यातली कोण उतरली असती?