मऊ पिवळं सफरचंद

माझ्या फळांच्या गाडीवर काल एक बाई आली. पिवळं सफरचंद अंगठ्यानं दाबून म्हणाली, "मऊ लागतंय मावशी. नासलंय का?"

"न्हाई ताई, हे गोल्डन जातीचं. ह्याची सालच पातळ. कुणाला पायजे?"

"सासूबाईंना. दवाखान्यात आहेत, चार दिवस काही खात नाहीत."

"दात हायेत का त्यांना?"

तिनं वाकून पिशवीत बघितलं. आत दुसरीकडनं घेतलेली लाल, टणक सफरचंदं हुती.

माणसं फळ दाबून बघत्यात, खाणाऱ्याचं तोंड बघत न्हाईत. आमच्या मालकांना, म्हंजी माझ्या नवऱ्याला, लकवा मारला तवा मी बी लालच नेलं हुतं. तीन दिवस ते नुसतं बघत पडले. मला वाटलं, रुसलेत. चावता येत न्हाई, हे त्यांना सांगताबी येईना.

गोल्डन कागदात गुंडाळून गार कोपऱ्यात ठेवलं की आठवडाभर राहतं. सुरकुतलं तरी गोडच. साल काढून वाफवलं की चमच्यानं जातं, साखर लागत न्हाई.

बाईनं दोन घेतली. "मग ही लाल कुणाला देऊ?"

म्हटलं, "तुम्ही खा. उशाशी बसणाऱ्याला बी पोट असतंय."