शमुवेलभाऊंची तूर

देवळीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत कापणीच्या सणाला जो तो आपल्या पिकातलं काहीतरी वेदीपुढे ठेवतो आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. काम देवाचं, पण माणसं आपलीच. कोणाचं पोतं केवढं, हे प्रार्थनेला डोळे मिटायच्या आधीच सगळ्यांनी पाहून घेतलेलं असतं. शमुवेलभाऊंना शेत नाही. ते दरवर्षी अंगणातली एक पपई आणायचे. पोत्यांच्या रांगेत ती ठेवताना त्यांची मान खाली जायची आणि मागच्या बाकांवर कोणीतरी हसायचंच.

एरवी माणूस ताठ. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर ते माल तपासायला असायचे. आलेल्या गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचे आणि ओल लागली की गाडी परत. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे इकडे कमी नाहीत. पण फाटकावर शमुवेल आहे म्हटलं की तेही आदल्या दिवशी कापूस उन्हात पसरायचे. मालक भैयाजी डोळे मिटून त्यांच्या शब्दावर चालायचे.

मागच्या वर्षी सणाच्या आठवड्यात पुंडलिकरावांची गाडी आली. भाऊंनी हात घातला. आतला कापूस गार लागला, जड लागला. पुंडलिकराव जवळ सरकले.

"भाऊ, रविवारी तुमचा सण हाय म्हणे. आमच्या घरची तूर यंदा झकास निघाली. एक पोतं पाठवून राह्यलो. तुमच्या नावानं ठेवजा."

कापसाबद्दल एक शब्द नाही. पैसे पुढे केले असते तर भाऊंनी त्यांना हाकलून दिलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण भाऊंना दिसलं ते वेदीपुढचं पोतं आणि गप्प बसलेले मागचे बाक. सैतानाला कोणाचं दुखणं कुठे आहे ते बरोबर ठाऊक असतं. भाऊंनी हात बाहेर काढला, पँटला पुसला आणि म्हणाले, "जाऊ द्या आत."

ओला कापूस आत रचलेल्या गंजीत तापतो. शनिवारी गंजीचा एक कोपरा पिवळा पडलेला दिसला. आगीच्या भीतीने तिथे पाण्याचा ड्रम भरून ठेवतात आणि तो भरायचं काम कमलाबाईचं. पाणी तिनेच सांडलं असणार, असं भैयाजींनी ठरवलं, कारण शमुवेलच्या हाताखालून ओल आत येणं त्यांच्या मते शक्यच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. तिला कामावरून काढलं. जाताना ती फाटकाशी भाऊंसमोर थांबली. भाऊ पुढच्या गाडीत हात खुपसून उभे राहिले आणि ती जाईपर्यंत त्यांनी तो बाहेर काढला नाही.

रविवारी पोतं वेदीपुढे होतं. पाळक म्हणाले, "यंदा देवाने शमुवेलभाऊंना भरभरून दिलं." टाळ्या पडल्या. लिलाव सुरू झाला, बोली चढू लागली. भाऊंचा चेहरा पार उतरला होता. ते उठले.

"थांबवा. ते पोतं माह्यं नाई. मी ओला कापूस आत जाऊ देल्ला, त्याचं हाय ते. अन् माह्या पायी एका बाईचं काम गेलं. मले लाज वाटून राह्यली."

भाऊंनी पोतं पाठीवर घेतलं आणि बाकांच्या मधून बाहेर नेलं. तसंच ते पुंडलिकरावांच्या ओट्यावर नेऊन टाकलं.

सोमवारी त्यांनी भैयाजींना सगळं सांगितलं. फाटकाचं काम गेलं, आता ते गाड्या रिकाम्या करतात. कमलाबाईला कामावर परत यायचा निरोप गेला. ती आल्यावर भाऊ तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"माफ कर बाई."

"तुमी हात पुसला तवाच मी पाह्यलं होतं," ती ड्रम भरता भरता म्हणाली.

"मंग बोलली काऊन नाई?"

"मले वाटलं, तुमीच सांगान. म्हणून तर मी फाटकापाशी थांबली होती."

भैयाजी रागावले, मंडळी कुजबुजली, ते भाऊंनी सोसलं. हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं.

यंदा सणाला त्यांनी पुन्हा पपई आणली. मागच्या बाकांवर कोणी हसलं नाही. उपासनेनंतर मी "सलाम, भाऊ" म्हणून हात पुढे केला. त्यांनी मान हलवली, पण कापसात घालायचे तो हात खिशातून काढला नाही.