काकूंनी भरलेली टाकी

देवधरकाका खोटं बोलून गेले.

आणि त्या खोट्यात मी सामील होते.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये आमच्या समोरच्याच घरात राहायचे. रिटायर्ड इंजिनियर, इथे चाळीस हिवाळे काढलेले. मागच्या वर्षी त्यांनी सेकंड हँड आरव्ही घेतली. चांगली बसएवढी मोठी. आत बेड, किचन, बाथरूम, सगळं. थंडीचे तीन महिने फ्लोरिडात काढायचे, असा प्लॅन.

काकूंचं एकच पालुपद. "या वयात डब्यात राहायचं? मी नाही येणार. तुम्ही जा, खुशाल जा!"

काका शांतपणे तयारी करत राहिले. टायर तपासले, लिस्ट केल्या. आरव्हीच्या पाइपांतलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरलं, कारण थंडीत पाणी गोठलं की पाइप फुटतात. पाण्याची टाकी भरायची ती उबदार हवेत पोचल्यावरच, हे मला दहा वेळा ऐकवलं. माझा काय संबंध, पण काकांना लेक्चर देण्यापासून कोण रोखणार!

निघायच्या दोन दिवस आधी पाइप फुटले.

मी गेले तर काका आरव्हीत गुडघ्यांवर बसून टॉवेलने पाणी टिपत होते.

"अहो काका, टाकी भरली कोणी?"

"तुझ्या काकूने. रिकामं भांडं घेऊन प्रवासाला निघू नये ना! काल मी दुकानात गेलो तेव्हा होज लावून भरली. वर नळ सोडून बघितले असणार."

मी कपाळावर हात मारला. हे गृहस्थ मात्र चक्क हसत होते.

"हसताय काय? चांगलं सुनवा की त्यांना!"

"खबरदार तू काही बोललीस तर. मी तिला सांगणार, मीच पाणी ड्रेन करायला विसरलो."

मग हळूच म्हणाले, "अगं, येणार नाही म्हणणारी बाई टाकी भरते. म्हणजे येतेय ना ती!"

मेकॅनिकने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

दुसऱ्या आठवड्यात स्नो पडला. काका फावडं घेऊन ड्राइव्हवे साफ करायला गेले आणि तिथेच कोसळले. हार्ट अटॅक.

दिलेला शब्द मी वर्षभर पाळला. मूर्खासारखा.

काल काकूंनी बोलावून घेतलं. समोर बसवलं.

"तुला एक सांगायचंय. ती टाकी मी भरली होती गं. ते म्हणाले, मी विसरलो, आणि मी गप्प बसले. शेवटपर्यंत बोलले नाही त्यांना. वेळेवर निघालो असतो तर ते फावडं त्यांच्या हातात आलंच नसतं. मीच घालवलं त्यांना."

वर्षभर ही बाई हे एकटीने गिळून बसली होती! आणि मी रोज समोरून हात हलवत होते. इतका राग आला स्वतःचा.

मग मी सगळं सांगून टाकलं. काकांना माहीत होतं, ते हसत होते, आणि का हसत होते तेही.

काकू ढसाढसा रडल्या. मीही रडले.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला खरंच जायचं होतं गं त्यांच्याबरोबर. कधी म्हणाले नाही तोंडाने. कॉटनच्या साड्यासुद्धा भरून ठेवल्या होत्या."

काका, सॉरी. तुमचं गुपित फोडलं.

पण तुमचा अंदाज बरोबर होता. काकू येणार होत्या.

तुम्हाला मनापासून नमस्कार.